झाकणाआडचं कूळ

जुन्या चावीच्या घड्याळांचे शौकीन जगात कुठेही असोत, ‘मुंबई स्पेशल’ म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे एकच प्रकार येतो. कोरी, जरा भडकच तबकडी. घासून चकचकीत केलेली केस. तबकडीवर नावाजलेलं स्विस नाव आणि आत भलतंच मशीन. आपल्या शहराचं नाव असं बनावट मालाला चिकटावं याचं मला वाईट वाटतं. पण हा शिक्का मारणारे एक गोष्ट विसरतात. घड्याळावर नाव एकाचं आणि आत मशीन दुसऱ्याचं, ही रीत मुंबईनं काढलेली नाही. ती स्वित्झर्लंडची आहे आणि सव्वादोनशे वर्षांहून जुनी आहे. एखादं मशीन अस्सल आहे का, कुठलं आहे, कधीचं आहे हे ठरवायचं तर ती रीत आधी समजून घ्यावी लागते.

स्वित्झर्लंडच्या नॉयशातेल भागात फोंतेनमेलों नावाचं गाव आहे. १७९३मध्ये तिथे एक कारखाना निघाला. त्यात अख्खं घड्याळ होत नसे. खालची प्लेट, वरचे ब्रिज, दात्यांची चाकं असा कच्चा सांगाडा तेवढा तयार व्हायचा. त्याला तिकडे ‘एबोश’ म्हणतात. दुसरं एखादं घराणं हा सांगाडा विकत घ्यायचं, त्यात बॅलन्स म्हणजे मागेपुढे झुलणारं चाक, बालकमानी, माणकं बसवायचं, वेळ लावायचं आणि आपल्या नावाची तबकडी चढवून बाजारात आणायचं. पुढे १८९६मध्ये ग्रेंखेन गावात ए. शिल्ड या नावानं असाच कारखाना उभा राहिला. त्याच गावातलं एटा हे नाव तर आज घड्याळांशी संबंध नसलेल्यांनीही ऐकलेलं असतं. १९२६मध्ये यांतल्या मोठ्या कारखान्यांनी मिळून एबोश एसए ही कंपनी केली. म्हणजे तबकडीवरची नावं शेकड्यांनी आणि मशीन करणारे मोजके.

तेव्हा झाकण उघडल्यावर आत दुसऱ्याचं मशीन दिसलं म्हणून घड्याळ खोटं ठरत नाही. त्या घराण्यानं, त्या काळात, त्या मॉडेलमध्ये हेच मशीन बसवलं होतं का, एवढंच विचारायचं असतं. उत्तर मात्र सोपं नसतं, कारण त्यासाठी घराण्यांचा इतिहास माहीत असावा लागतो.

मुंबईशी या घराण्यांचं नातं जुनं आहे. १७३७पर्यंत मूळ सांगणाऱ्या फाव्र-ल्यूबा घराण्यातला फ्रिट्झ फाव्र-ल्यूबा १८६५च्या सुमारास हिंदुस्थानात आला आणि मुंबईत त्यांचा व्यापार रुजला. १८८६ची वेस्ट एंड वॉच कंपनी तर मुंबई आणि कलकत्त्याच्या बाजारासाठीच वाढली. तिच्या एका घड्याळाचं नावच ‘सोवार’, म्हणजे घोडदळातला स्वार. पलटणींत आणि रेल्वेत ही घड्याळं खूप चालली. जुनं वेस्ट एंड उघडलं तर आत लॉंजीनचं मशीन निघू शकतं, आणि ते पूर्णपणे अस्सल असतं, कारण कंपनी मशीनं बाहेरूनच घ्यायची. फाव्र-ल्यूबाची गोष्ट निराळी. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्यांनी स्वतःची मशीनं काढली होती. १९६२चं त्यांचं एफएल २५१ हे दोन बॅरलचं, तीन मिलिमीटरपेक्षाही पातळ मशीन नावाजलेलं आहे. त्या काळच्या एखाद्या उंची फाव्र-ल्यूबात दुसऱ्या कारखान्याचं जाड, स्वस्त मशीन निघालं तर तिथे थांबून विचार करायला हवा. झाकणाआडचं दृश्य दोन्हीकडे एकच, दुसऱ्याचं मशीन. निकाल मात्र उलटे.

हे कूळ वाचायचं कुठे? मागचं झाकण काढलं की मोठा ब्रिज आधी दिसतो आणि त्यावर ठळक अक्षरं असतात. नवखा माणूस तेवढीच वाचतो. पण ब्रिज बदलता येतो, त्यावर नाव कोरताही येतं. जाणकार घड्याळजी भिंग लावतो आणि चिमट्याच्या टोकानं बॅलन्सच्या चाकाखाली बघतो. तिथे खालच्या प्लेटवर, चाकाच्या सावलीत, कारखान्याची बारीक खूण आणि मशीनचा नंबर ठोकलेला असतो. ढालीत ‘एएस’ असेल तर ए. शिल्ड. ढालीत ‘ईटीए’ असेल तर एटा. ‘एफएचएफ’ किंवा ‘एसटी’ दिसलं तर ते फोंतेनमेलोंचं. ‘एसटी’ आणि त्याखाली ‘९६’ ही जोडी मुंबईत उघडलेल्या जुन्या घड्याळांत फार वेळा भेटते. हे मशीन साधं, दणकट आणि दुरुस्तीला सोपं आहे. त्याला नावं ठेवायचं काही कारण नाही. पण हेच मशीन चार वेगवेगळ्या उंची नावांच्या तबकड्यांखाली निघालं, तर खोट मशीनमध्ये नाही, तबकडीत आहे हे ओळखावं.

बॅलन्सच्या मधोमध, आसाच्या टोकावर एक माणिक असतं आणि त्याला धरून ठेवणारी इवलीशी स्प्रिंग. घड्याळ पडलं तर आस मोडू नये म्हणून ही सोय. १९३४च्या सुमारास आलेल्या इन्काब्लॉकची स्प्रिंग लायर या तंतुवाद्याच्या आकाराची असते. एकदा पाहिली की विसरत नाही. तबकडीवर ‘इन्काब्लॉक’ लिहिलेलं आहे आणि आत ती लायर नाही, तर तबकडी खोटं बोलते. दुसऱ्या कुठल्याही पुराव्याची गरज उरत नाही.

‘१७ ज्वेल्स’ हे शब्द आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक चावीच्या घड्याळावर असतात आणि लोकांना ती उंची मालाची हमी वाटते. हिशेब साधा आहे. मधल्या, तिसऱ्या, चौथ्या आणि एस्केप चाकाच्या आसांना प्रत्येकी दोन म्हणजे आठ माणकं. पॅलेटच्या आसाला दोन आणि पॅलेटच्या दातांची दोन. बॅलन्सला चार आणि त्याच्या रोलरला एक. झाली सतरा. हाताच्या चावीच्या मशीनला याहून जास्तीची फारशी गरज नसते. याला जकातीचीही जोड मिळाली. १९३०च्या अमेरिकन जकात कायद्यानं सतरापेक्षा जास्त माणकांच्या मशीनवर नगामागे १० डॉलर ७५ सेंट इतका जबर कर बसवला आणि स्विस कारखाने सतरावरच थांबू लागले. त्या कायद्याच्या खुणा मुंबईतही सापडतात. काही स्विस मशीनवर ‘अनॲडजस्टेड’ असा शब्द आणि बॅलन्सच्या ब्रिजवर तीन इंग्रजी अक्षरं असतात. अमेरिकेत आयात होणाऱ्या मालावर आयातदाराची अशी अक्षरं ठोकत, ओमेगाची ‘ओएक्सजी’. आजोबांनी फोर्टातल्या दुकानातून घेतलं म्हणून सांगितलेल्या ओमेगात ही अक्षरं निघाली, तर ते मशीन आधी अमेरिकेच्या बाजारासाठी बनलेलं होतं. आजोबा खोटं बोलले असं नव्हे. मध्ये कधीतरी कुणीतरी मशीन बदललेलं असू शकतं.

का बदललं असेल? इथे आपल्या देशाच्या इतिहासाकडे वळावं लागतं.

स्वातंत्र्यानंतर परकीय चलनाची टंचाई आली आणि आयातीवर निर्बंध आले. विदेशी घड्याळ ही चैनीची वस्तू ठरली. ते उघडपणे फारसं मिळेना आणि चोरवाटेनं खूप येऊ लागलं. मुंबईचा सारा किनारा, उत्तरेला वसईच्या खाडीपर्यंत, कस्टमच्या नजरेखाली असे. १९६२च्या सीमाशुल्क कायद्यातलं १२३वं कलम मला या सगळ्या गोष्टीत सर्वांत बोलकं वाटतं. सोन्याबरोबर त्यात घड्याळांचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे. तस्करीचा माल असल्याच्या रास्त संशयावरून घड्याळ जप्त झालं, तर ते तस्करीचं नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी ज्याच्याकडे सापडलं त्याच्यावर. घड्याळाचं मूळ गाव कोणतं, हा प्रश्न शौकिनांनी विचारायच्या आधीच सरकारनं विचारला होता.

मोडलेल्या घड्याळाला मूळ सुटा भाग मिळणं या काळात दुरापास्त झालं. मग घड्याळजी काय करणार? मेलेल्या घड्याळातून भाग काढून जिवंत घड्याळाला लावायचे. केस चांगली आणि मशीन गेलेलं असेल तर दुसरं मशीन बसवायचं. तबकडीला ओल लागून डाग पडले तर ती खरवडून पुन्हा रंगवायची आणि पॅडनं नाव छापायचं. गिऱ्हाइकाला लग्नातलं घड्याळ पुन्हा चालू हवं असायचं, आणि ते चालू व्हायचं. आजच्या ‘मुंबई स्पेशल’मागचं सगळं कौशल्य या गरजेतून घडलं आहे. मुंबईच्या घड्याळजींनी भाग नसताना लाखो घड्याळं चालती ठेवली, त्याबद्दल त्यांचा मान राखायला हवा असं मला मनापासून वाटतं.

टंचाईला सरकारी उत्तर म्हणून आली एचएमटी. बंगळूरच्या हिंदुस्थान मशीन टूल्सनं जपानच्या सिटिझन कंपनीशी करार करून १९६१मध्ये घड्याळांचा कारखाना काढला, आणि पहिली घड्याळं पंडित नेहरूंच्या हस्ते बाहेर आली. जनता, पायलट, जवान, सोना, कोहिनूर ही नावं आपल्या घराघरांत आहेत. दहावी पास झाल्यावर जनता, लग्नात सोना. आजच्या मीरा-भाईंदरमध्ये ती विपुल सापडतात याचं कारण इथली वस्ती. गिरगाव, परळ, लालबागच्या खोल्या विकून पश्चिम रेल्वेनं उत्तरेला सरकलेली कितीतरी कुटुंबं या गावांत आली. २००२मध्ये इथे महानगरपालिका झाली आणि २०११च्या जनगणनेत लोकसंख्या आठ लाखांवर गेली. त्या कुटुंबांच्या सामानाबरोबर वडिलांचं एचएमटीही आलं.

भाईंदर स्टेशनजवळच्या एका घड्याळजीच्या काचेच्या पेटीशी बसून मी जनता उघडताना पाहिली आहे. झाकणाच्या कडेला नखाएवढी खाच असते. तिथे बोथट पातं घालून हलका पीळ दिला की झाकण टक् करून सुटतं. झाकणाच्या आतल्या बाजूवर सुईनं ओरखडलेल्या बारीक तारखा आणि सह्या होत्या. ज्यानं ज्यानं घड्याळाचं ऑइलिंग केलं त्यानं आपली नोंद तिथे ठेवलेली असते. घड्याळजीनं त्या आधी वाचल्या, मशीन नंतर पाहिलं. ब्रिजवर एचएमटी आणि बॅलन्सजवळ ०२३१ हा नंबर. ‘आता कानाला लावा,’ ते म्हणाले. सेकंदाला पाच ठोके, तासाला १८,०००. नव्या स्विस ऑटोमॅटिकमध्ये बहुधा सेकंदाला आठ पडतात, ती घाई इथे ऐकू येत नाही.

हे ०२३१ मशीन सिटिझनच्या कुळातलं. त्याचा पुरावा जनताच्या तबकडीवरच छापलेला आहे, आपण तो इतकी वर्षं वाचून सोडून दिला. ‘पॅराशॉक’. हे सिटिझनच्या स्वतःच्या शॉक-रक्षक रचनेचं नाव आहे. ती १९५६मध्ये आली आणि जपानमध्ये लोकांसमोर हेलिकॉप्टरमधून घड्याळ खाली टाकून तिची परीक्षा झाली. म्हणजे आपल्या वडिलांच्या मनगटावरचं ‘भारतीय’ घड्याळ अर्ध्या नात्यानं तोक्योचं. १९१८मध्ये तिथे शोकोशा नावाची घड्याळ-संशोधन संस्था निघाली. १९२४च्या तिच्या खिशातल्या घड्याळाला शहराचे महापौर राहिलेल्या गोतो शिम्पेई यांनी ‘सिटिझन’ नाव दिलं. जपानी सिटिझन आणि भारतीय जनता, दोन्ही नावं सामान्य माणसाला उद्देशून आहेत, हे मला फार आवडतं. पण जनता जपानी नाही. परवान्यानं सुरू झालेलं मशीन एचएमटीनं दशकानुदशकं इथल्या कामगारांच्या हातून, इथल्या कारखान्यांत घडवलं. त्याचं मूळ दोन ठिकाणी आहे आणि दोन्ही खरी आहेत.

या घड्याळांचं पुढे काय झालं ते सर्वांना माहीत आहे. १९८७पासून टायटनची सेलवरची घड्याळं बाजारात आली, तरुण पिढी तिकडे वळली, आणि जानेवारी २०१६मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाच्या समितीनं एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली. कारखाना बंद होण्याची बातमी आली तशी किंमत चढली. जी जनता कुणी फुकट घेत नव्हतं तिला शौकीन शोधू लागले. एचएमटीची बनावट तेव्हापासून खऱ्या अर्थानं वाढली.

देवनागरी आकड्यांच्या जनताला याचा सर्वांत मोठा फटका बसला. एचएमटीनं अशी घड्याळं खरोखर काढली होती. तबकडीवर १, २, ३ आपल्या अक्षरांत. मराठी माणसाला त्यांचं आकर्षण वाटलं तर नवल नाही, मलाही वाटतं. पण आज विकायला येणाऱ्या देवनागरी जनतांपैकी पुष्कळशा नव्यानं छापलेल्या आहेत. मशीन अस्सल ०२३१, केस अस्सल, काटेही बहुधा अस्सल, फक्त तबकडी काल-परवाची. ओळखायची कशी? मूळ छपाईच्या रेषा भिंगाखाली केसासारख्या बारीक आणि कडा धारदार दिसतात. पुनर्छपाईत शाई फुगते, अक्षरांच्या कोपऱ्यांत साचते. मिनिटांच्या खुणा आणि तासांच्या आकड्यांचा मध्य जुळत नाही. काट्यांवर चमकणारा रंग नाही आणि तबकडीवर मात्र हिरवे ठिपके आहेत, अशी विसंगतीही भेटते. ज्या घड्याळाची केस चाळीस वर्षं घामानं खाल्ली, त्याची तबकडी दुधासारखी पांढरी कशी राहील? हा प्रश्न कुणालाही विचारता येतो, त्याला भिंग लागत नाही.

जपानी घड्याळं या बाबतीत जास्त सोपी आहेत. सीकोच्या झाकणावर चार आकडे, मग आडवी रेघ, मग चार आकडे असतात. पहिले चार मशीनचा नंबर. ७००९ लिहिलं असेल तर आत ७००९च हवं, आणि तबकडीच्या तळाशी बारीक अक्षरांतला नंबरही ७००९नंच सुरू व्हायला हवा. शिवाय झाकणावर वेगळा अनुक्रमांक असतो. त्याचा पहिला आकडा सालाचा शेवटचा आकडा आणि दुसरा महिना. ऑक्टोबरला शून्य किंवा ओ, नोव्हेंबरला एन, डिसेंबरला डी. दशक तेवढं मॉडेलवरून ठरवावं लागतं. झाकण, मशीन आणि तबकडी या तिघांनी एकच साक्ष दिली तर घड्याळ एकसंध आहे असं मानायला हरकत नाही.

आमच्या ओळखीतल्या एका गृहस्थांनी अशी कुठलीही तपासणी न करता, फोनवरचा फोटो पाहून एक ‘स्विस’ घड्याळ बऱ्यापैकी पैसे मोजून घेतलं. तबकडी देखणी होती. सहाच्या आकड्याखाली ‘स्विस मेड’ होतं, पण दोन शब्दांच्या मधोमध सहाची खूण यायला हवी ती एका बाजूला सरकली होती. आत एसटी ९६. घड्याळ रोज दहा-पंधरा सेकंदांच्या फरकानं बरं चालतं. नाव मात्र त्या मशीनचं नव्हे. त्यांना राग आला तो घड्याळाचा नाही, विकताना कुणी एका शब्दानं सांगितलं नाही याचा. मला तो राग रास्त वाटतो.

‘स्विस मेड’ या शब्दांनाही कायद्याचं मोजमाप आहे. १९७१च्या स्विस वटहुकुमानं मशीनच्या भागांच्या किमतीपैकी किमान निम्मा वाटा स्विस हवा असं ठरवलं, आणि २०१७पासून उत्पादनखर्चाचा किमान ६० टक्के वाटा स्विस हवा अशी अटही जोडली गेली. म्हणजे खुद्द स्विस कायद्यालाही सगळं काही स्विस असावं लागत नाही. मूळ ही मोजायची गोष्ट आहे, भागाभागानं. दुरुस्त झालेल्या जुन्या घड्याळाबाबतही मी हेच म्हणेन. मशीन मूळचं, काटे बदललेले. केस मूळची, मशीन दुसरं. तबकडी पुन्हा छापलेली. ही वाक्यं बिलावर लिहिली की तेच घड्याळ प्रामाणिक होतं. लपवली की ते बनावट.

मूळ न लपवताही वस्तू आपली होते, याचं एक उदाहरण जवळचंच आहे. भाईंदरहून वसईची खाडी ओलांडून पलीकडे गेलं की वसईचा किल्ला. १७३९मध्ये चिमाजी अप्पांनी तो जिंकल्यावर तिथल्या चर्चच्या घंटा महाराष्ट्रातल्या देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिराच्या पोर्तुगीज घंटेवर १७२१ हे साल आजही वाचता येतं. ते कुणी खरवडलं नाही. घंटा आपल्या देवळात वाजते आणि आपलं मूळही सांगते. जुन्या मशीनवरच्या बारीक खुणांना आपल्या दुकानांत एवढाच मान मिळायला हवा, आणि तो सध्या मिळत नाही. बॅलन्सखालचे नंबर घासून टाकलेली मशीनं मी पाहिली आहेत. ते काम दुरुस्तीचं नव्हे.

घरात वडिलांचं किंवा आजोबांचं चावीचं घड्याळ असेल तर ते ऑइलिंगला देताना डाग पडलेली तबकडी रंगवू नका म्हणून आधीच सांगा. भाग बदलावा लागला तर काढलेला जुना भाग पुडीत बांधून परत मागा. विकत घेत असाल तर झाकण उघडलेल्या अवस्थेतला, बॅलन्सखालचा नंबर वाचता येईल असा फोटो मागा आणि बिलावर तो नंबर लिहून घ्या. जो विक्रेता याला नकार देईल, त्याच्याकडून घड्याळ घेऊ नका.